निळ्या रेघेच्या पुढे

या अंकात एकट्याने केलेल्या सायकलप्रवासाचा दीर्घ लेख आहे, जपानमधल्या शिकोकू बेटावरचा. जपान म्हटले की आपल्याला बुलेट ट्रेन आणि टोकियोची गर्दी आठवते. हा जपान निराळा आहे. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत बेटाबेटांवरून जाणारा शिमानामी मार्ग सुमारे ७० किलोमीटरचा. बेटांना सांधणारी पुलांची साखळी १९९९ मध्ये पुरी झाली. रस्त्याच्या कडेची निळी रेघ धरून पायडल मारत राहायचे, नकाशा काढावाच लागत नाही. वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. (नियम पाळून, हा फरक.) पुढे आतल्या भागात गेले की भातखाचरे लागतात, संत्रावर्गीय फळांच्या बागा लागतात, आणि बांधावर विक्रेत्याविना मांडलेली भाजी, शेजारी पैसे टाकायचा डबा.

हे सगळे मोहक आहे खरे. पण ही शांतता नुसती निसर्गाची देणगी नव्हे; तिथली माणसे कमी झाली आहेत. इया खोऱ्यातल्या नागोरो गावात रहिवाशांपेक्षा कापडी बाहुल्याच जास्त. तिथली शाळा २०१२ मध्ये बंद झाली. वर्गात आता बाहुल्या बसतात. २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानभर सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. निवांतपणाचे गोडवे गाणाऱ्या प्रवासवर्णनांत हा आकडा क्वचितच येतो. आमच्या लेखकाने तो टाळलेला नाही, म्हणूनच लेख छापला.

वाचून जायचा बेत ठरलाच, तर मुक्काम शहरात न करता गावातच करा आणि जेवण तिथल्याच खानावळीत घ्या.