वेगळ्या चुलीचा धीर

नागपूरहून निघालेली गाडी वरठीला, म्हणजे भंडारा रोडला थांबते, तुमसर रोड मागे टाकते आणि वैनगंगेच्या पुलावरून गोंदियाकडे जाते. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या. १८९३ साली याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक परदेशी मिशनरी भेटला. कवितेवर बोलणे निघाले, मग धर्मावर. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.

ते खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही हकिकत सांगणारे बहुधा भाकितापाशीच रमतात. त्याहून मोलाची आहे ती मधली दोन वर्षे. टिळक वही-पेन्सिल घेऊन बायबल अभ्यासायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तरीही भारावून जाऊन त्यांनी घाई केली नाही. मन पुरते तयार होईपर्यंत वाट पाहिली.

खरी कसोटी पुढे होती.

पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्यांचे बालपण कडक सोवळ्यात गेले होते. वडील मीठसुद्धा धुऊन घेत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर चार-पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकाच छपराखाली दोन चुली पेटत. टिळकांनी ती वेगळी चूल चालू दिली. जातीची भिंत लक्ष्मीबाईंनी स्वतः, आपल्याच विचाराने पाडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

वेगळी चूल चालू देणारे टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. ते किती तापट होते, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचा राग एका दिवसात निवला नाही. म्हणूनच त्या चुलीपुढे त्यांनी आवरलेला हात महत्त्वाचा वाटतो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत शेवटी इंद्रियदमन येते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात इंद्रियदमनाला लागूनच धीर येतो. या दोन गोष्टींची जोडी का, हे टिळकांच्या घरात दिसते. स्वतःला आवरल्याशिवाय दुसऱ्याला वेळ देता येत नाही.

लक्ष्मीबाईंचा धीर तर आणखी लांबचा. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्यांचे निधन झाले. शेवटचा हात मुलाने, देवदत्त टिळकांनी फिरवला.

आज उपासकाळ आला की मंडळ्यांतून संयमावर प्रवचने होतात. मांस सोडा, गोड सोडा, चाळीस दिवस नेम पाळा. नेम चांगलाच आहे, पण तो ताटापाशी थांबतो. दारू सोडलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिऊन आला की लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. घरातली सून वा जावई वेगळ्या श्रद्धेचा असला की जेवणाच्या पंगतीतही त्याला टोचून बोलले जाते. तिथे संयम कोणी पाळायचा? पडलेल्याने एकट्याने, की त्याच्याभोवतीच्या मंडळीनेही?

भंडारा, तुमसर, गोंदियाच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दारावरून ती रेल्वे रोज धावते. त्यांच्या पाळकांनी येत्या उपासकाळात एक रविवार ‘स्मृतिचित्रे’साठी राखून ठेवावा. घसरलेल्या माणसाच्या घरी मंडळीतल्या कोणीतरी चौथ्या आठवड्यातही जावे, पाचव्यातही जावे. उपदेश न करता त्याच्याबरोबर चहा प्यावा आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेला येताना त्याला सोबत घ्यावे.