मालिका संपल्यावर काय पाहावे?

‘ज्युबिली’चे दहाही भाग आमच्या घरी पाहून झाले, सासूबाईंनाही ती फार आवडली, आता अशीच गाण्यांची, जुन्या काळाची दुसरी कोणती लावावी, असे किल्लारीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्या सहज लिहितात की, हल्ली सासूबाई रात्री दोन-अडीचला उठून ओसरीवर बसतात. प्रश्न मनोरंजनाचा असला, तरी या सदराला महत्त्वाचे वाटले ते हे शेवटचे वाक्य.

‘ज्युबिली’ २०२३ च्या एप्रिलमध्ये आली. विक्रमादित्य मोटवाने यांचे दिग्दर्शन आणि अमित त्रिवेदी यांचे संगीत. फाळणीच्या आगेमागे मुंबईतील चित्रपटसृष्टी कशी घडली, हे तिचे कथानक. ७ तारखेला पाच भाग आले आणि उरलेल्या पाचांसाठी प्रेक्षकांना १४ पर्यंत थांबावे लागले. हा आठवडाभराचा खंड आरोग्याच्या दृष्टीने उत्तम होता, असे मी म्हणेन. आज तीच मालिका लावली की एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो आणि उठण्याचा क्षणच हाती लागत नाही. प्रौढांना रात्री किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते. मालिका प्रथम हात घालते तो याच तासांत. तेव्हा ‘पुढचा भाग आपोआप’ ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. पुढे काय पाहायचे, ते त्यानंतर ठरवावे.

आता सासूबाईंविषयी. ‘ज्युबिली’त गाणी आहेत, तसे उद्ध्वस्त घर मागे टाकून आलेल्यांचे तळही आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तो इतिहास वाटेल. किल्लारीत साठी ओलांडलेल्या माणसाला तसा वाटेलच असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घडले, ते अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव नुकताच निजला असताना घडले. पुढे पत्र्याच्या निवाऱ्यात काढलेले दिवस, मग नव्या जागी नवी घरे. ज्यांनी हे सोसले, त्यांच्यापैकी काहींची झोप आजही त्याच प्रहराला मोडते. पडद्यावरचे विस्थापन अशा मनाला नकळत स्पर्श करून जाते. गाणी आवडली हे खरे, आणि त्याच मालिकेने झोप उडवली हेही खरे असू शकते.

म्हणून लगेच ‘हीरामंडी’ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संजय लीला भन्साळींची ही आठ भागांची मालिका देखणी आहे, संगीतही त्यांचेच. परंतु कटकारस्थान, हिंसा आणि अपमान यांचा भार तीत मोठा आहे, आणि ती मुलांसमवेत पाहण्याजोगी नाही.

त्यापेक्षा मागे जावे. व्ही. शांताराम यांचा १९५१ चा ‘अमर भूपाळी’ हा उत्तरपेशवाईतील शाहीर होनाजीवर बेतलेला चित्रपट आहे. संगीत वसंत देसाईंचे. १९५२ च्या कान महोत्सवात त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. गती संथ आहे, मुले आरंभी कुरकुरतील. ज्येष्ठांना मात्र तीच गती मानवते. (गंमत अशी की, भूपाळी हे गीत पहाटेचे, तर भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा.) हा चित्रपट रविवारी सकाळी पाहावा. पहाट केवळ भीतीची होऊन राहिलेल्या घरात पहाटेचे गाणे उजेडी ऐकले जावे, याला माझ्या लेखी मोल आहे.

त्यानंतर २०२२ चा ‘मी वसंतराव’. वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आहे. चित्रपट लांब आहे, दोन बैठकींत पाहावा. तेथून ‘कट्यार काळजात घुसली’कडे सहज जाता येते, कारण १९६७ च्या मूळ नाटकातील खाँसाहेब वसंतरावांनीच रंगविले होते, २०१५ चा चित्रपट सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केला. ‘बालगंधर्व’ (२०११) मात्र जपून निवडावा. आनंद भाटे यांचे गायन अप्रतिम आहे. पण ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशी अपत्य गमावूनही रंगभूमीवर उभे राहिल्याचा प्रसंग त्यात आहे. ज्या घराने भूकंपात लेकरू गमावले, तेथे हे आधी सांगून, विचारूनच लावावे.

पडद्याविना गाणे हवे असेल, तर औसा आपल्याच तालुक्याचे ठिकाण. तेथील नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा आहे. फेर धरून, पावले टाकीत भजन गायले जाते. घरबसल्या पाहण्याहून देहाला हे निश्चित हितकर.

पाहता पाहता सासूबाई जुने काही बोलू लागल्या, तर संच बंद करावा आणि ऐकावे. ‘आता कशाला ते’ असे म्हणू नये. खोदून विचारूही नये. त्या गप्प राहिल्या तरी चालेल, जवळ बसावे. सप्टेंबरअखेर, ढोलताशांच्या दिवसांत, रात्रीचे पाहणे साडेनऊलाच थांबवावे आणि आवाज बेताचा ठेवावा. झोपमोड दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, छातीत धडधड होऊ लागली, किंवा त्या घरात निजायलाच नको म्हणू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही बोलता येते. फोन सूनबाईंनी लावून दिला तरी चालेल, बोलणे मात्र सासूबाईंनाच करू द्यावे.