पन्नास पत्ते, दहा मिनिटं

मार्च १९९९ मध्ये मेलिसा हा व्हायरस वर्डच्या फाइलीत दडून आला आणि आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडत सुटला. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. कोडने पत्ते वाचावेत म्हणून आउटलुकने ठेवलेल्या दारातूनच तो आत शिरला. पुढच्या वर्षी ४ मे रोजी फिलिपिन्सहून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ने तर पन्नासाचाही मुलाहिजा ठेवला नाही, अख्खी वही वापरली. लोकांनी ती मेल उघडली, कारण पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं होतं. पत्त्यांबरोबर कोण कोणाच्या ओळखीचं आहे हेही चोरीला गेलं होतं. मग मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये पहारा बसवला. कुठलाही प्रोग्राम पत्त्यांना हात लावू लागला की खिडकी उघडून विचारायची : परवानगी देऊ का, आणि किती वेळ? एक मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत. माझ्या मते गफलत इथेच झाली. दहा मिनिटांत हजारो पत्ते वाचून होतात. कोणाचा पत्ता हवा आणि कशासाठी, हे त्या खिडकीने विचारायला हवं होतं. तिने विचारलं ते घड्याळाचं.

प्रोग्रामर मंडळी यावर कुरकुर करतात आणि ती अगदीच पोकळ नाही. रात्री आपोआप चालायची स्क्रिप्ट कोणीतरी ‘होय’ दाबेल म्हणून सकाळपर्यंत ताटकळत राहिली तर तिचा उपयोग काय? त्यामुळे खिडकीला वळसा घालणाऱ्या लायब्ररी निघाल्या, आणि २००७ च्या आवृत्तीपासून अँटिव्हायरस अद्ययावत असेल तर आउटलुकनेच विचारणं सोडलं. पण कोडला पत्ता लागण्याची गरजही खरी असते. कंपनीच्या एक्स्चेंज सर्व्हरवरच्या सहकाऱ्याची मेल आली आणि कोडने पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, तर हाती साधा ईमेल येत नाही. तिरक्या रेघांनी भरलेली लांबलचक ओळ येते. खरा पत्ता काढायला आउटलुकच्या ‘गेट-एक्स्चेंज-यूजर’ या फंक्शनला हाक मारावी लागते. पण ती हाक एकटा पत्ता आणत नाही. त्याच पुडक्यात हुद्दा, विभाग, मोबाइल नंबर आणि साहेब कोण, हेही येतं. मागितली चिमूटभर हळद, मिळाला अख्खा मसाल्याचा डबा.

यावर ठरलेलं उत्तर असतं : नंबरात गुपित ते काय, व्हिजिटिंग कार्डावर छापलेलाच असतो. खरं आहे, पण कार्ड माणूस स्वतः, एकेकाला देतो. अख्खी वही दिली जाते तेव्हा ‘होय’ म्हणतो वहीचा मालक, आणि जातात ते त्यात नाव असलेले, ज्यांना कोणी विचारलेलं नसतं. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी हेच केलं. हप्ता थकला की वसुलीचे फोन कर्जदाराच्या मामाला, मैत्रिणीला, साहेबाला. शेवटी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा अ‍ॅपना फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही, असं बजावलं. बारीक मागणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणावं, तर तसंही नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर वापरणाऱ्याने निवडलेला एकच संपर्क अ‍ॅपच्या हाती देण्याची सोय आहे, बाकीची वही मिटलेलीच राहते. मायक्रोसॉफ्टच्या नव्या ग्राफ सेवेतही सहकाऱ्यांचं नाव, ईमेल आणि फोटो यांपुरती वेगळी परवानगी मागता येते. कर्जाच्या अ‍ॅपला आता वही बंद आहे. ऑफिसातल्या एक्सेलच्या मॅक्रोला मात्र बहुतेक ठिकाणी कंपनीची सगळी डिरेक्टरी अजून सताड उघडी असते.