विश्लेषण : चॅटबॉट ऐकतो, पण समजून घेतो का? काय आहे मानसशास्त्रातील मानवतावादी दृष्टिकोन?

रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाही. मित्राला उठवायचा संकोच वाटतो आणि घरच्यांचे ‘एवढं काय मनाला लावून घेतेस?’ हे उत्तर ठरलेले असते. मग सगळे चॅटबॉटला सांगितले जाते. तो कंटाळत नाही, टोमणे मारत नाही. मन हलके होते. पण हा उपचार झाला का? त्यासाठी मानसशास्त्रातील एक जुना प्रवाह समजून घ्यावा लागेल.

मानवतावादी दृष्टिकोन म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मानसशास्त्राच्या दोन शाखांचा दबदबा होता. माणूस दडपलेल्या इच्छांच्या हातचे बाहुले आहे, असा फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा सूर होता. वर्तनवादी शास्त्रज्ञांना बक्षीस आणि शिक्षेतून घडणारे वर्तन तेवढे महत्त्वाचे वाटे. अब्राहम मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स यांनी तिसरी वाट धरली. माणसात वाढण्याची उपजत ओढ असते आणि तो स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच या प्रवाहाला ‘तिसरी शक्ती’ म्हटले गेले. मॅस्लो यांनी 1943 मध्ये गरजांच्या उतरंडीचा सिद्धांत मांडला. रॉजर्स यांनी उपचाराची खोलीच बदलली.

रॉजर्स यांनी नेमके काय बदलले?

समोरच्याला ते ‘रुग्ण’ नव्हे, तर ‘क्लायंट’ म्हणत. सल्ला देणारा डॉक्टर मोठा आणि ऐकणारा लहान, ही रचना त्यांना मान्य नव्हती. बंद खोलीत काय घडते हे तपासता यावे म्हणून त्यांनी सत्रांचे ध्वनिमुद्रण केले. एका क्लायंटच्या सत्रांतील शब्दन् शब्द 1942 च्या पुस्तकात छापला. 1957 च्या लेखात त्यांनी बदल घडण्यासाठीच्या अटी मांडल्या. त्यातील तीन प्रसिद्ध आहेत : बिनशर्त स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि समुपदेशकाने आतबाहेर एक असणे. यादीतील पहिली अट मात्र अनेकदा विसरली जाते : दोन व्यक्तींमध्ये मानसिक संपर्क हवा.

यात संगणक कुठून आला?

1966 मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या एका रूपात रॉजर्स यांच्या पद्धतीच्या समुपदेशकाची नक्कल होती. समजा, तुम्ही लिहिले, ‘मला घरच्यांचा राग येतो’. तो शब्द पकडून ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ असे म्हणणार. अर्थ त्याला शून्य कळत होता. तरीही वायझेनबाउम यांच्या सचिवाने त्याच्याशी थोडा संवाद होताच त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. हा प्रोग्राम तयार होताना तिने महिनोन्‌महिने पाहिला होता! वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि पुढे अशा वापराचे कठोर टीकाकार बनले. आपली पद्धत म्हणजे नुसती पोपटपंची, हा समज रॉजर्स यांनाही खटकत असे.

आजचे चॅटबॉट वेगळे नाहीत का?

नक्कीच आहेत. त्यांची भाषा सफाईदार आहे, संदर्भ त्यांच्या लक्षात राहतात. आपल्याला समजून घेतले जात आहे, असे वाटणेही रॉजर्स यांच्या अटींत होते आणि ते यंत्राकडून वाटू शकते. गोम आहे ती उरलेल्या अटींत. आतबाहेर एक असण्यासाठी आधी ‘आत’ काहीतरी असावे लागते. शिवाय बिनशर्त स्वीकार हा माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक विधानाचा नव्हे. ‘सगळी चूक त्यांचीच’ याला मान डोलावणे म्हणजे स्वीकार नाही, ती खुशामत आहे. चांगला समुपदेशक नको असलेली शांतताही सोसतो.

या दृष्टिकोनाच्या मर्यादा काय?

‘आत्मपूर्ती’सारख्या कल्पना मोजणे कठीण, हा जुना आक्षेप आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरील विस्कॉन्सिनमधील प्रकल्पात रॉजर्स यांना अपेक्षित यश मिळाले नाही. गंभीर आजारात औषधे आणि मनोविकारतज्ज्ञ लागतातच. नुसत्या ऐकण्याने भागत नाही.

मग करायचे काय?

चॅटबॉटशी बोलणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. तो यंत्राकडे का वळला, हा प्रश्न त्याच्या आसपासच्या माणसांनी स्वतःला विचारायला हवा. यंत्राचे एक कौशल्य आपणही उचलू शकतो : मध्येच न तोडता, सल्ल्याची घाई न करता ऐकणे. त्याला पदवी लागत नाही. त्रास वाढत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर माणसाशीच बोला. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. रात्री दोन वाजतासुद्धा.