कोरडवाहूला कृष्णफळाचा सल्ला



कापूस-ज्वारी सोडा, कृष्णफळ लावा, असे सांगायला आता कोणीही उठतो. हा वेल मूळचा दक्षिण ब्राझीलकडचा. आपल्याकडे तो कोडगू, निलगिरी, मणिपूर, नागालँडच्या ओल्या डोंगरांत रुजला. त्याला मांडव लागतो, तारा लागतात, मुळाशी सतत ओल लागते. जांभळ्या जातीला थंड हवा मानवते. पिवळी उष्णता सोसते, पण तिचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही; दुसऱ्या वेलाचा पराग भुंग्याने आणावा लागतो. आणि आपण तर कपाशीवर भुंगे मारणारी फवारणी करतो!

विहिरीला मे महिन्यात पाणी असेल त्याने कुंपणावर दोन वेल जरूर चढवावेत. मांडवासाठी कर्ज काढण्याआधी मात्र सल्लागाराला विचारा : फळ कोण घेणार, आणि कोणत्या भावाने?