गाडीवरचे स्टिकर आणि डोक्यातला डिंक

उत्तर प्रदेश सरकारने २१ सप्टेंबर २०२५ रोजी एक आदेश काढला आणि वाहनांवरील, फलकांवरील व पोलिसांच्या कागदपत्रांतील जातीचे उल्लेख हटवण्याचे फर्मान सोडले. त्याच्या पाचच दिवस आधी, १६ सप्टेंबरला, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. विनोद दिवाकर यांनी दारूच्या वाहतुकीच्या एका प्रकरणात निकाल देताना पोलीस आरोपीची जात कशासाठी लिहितात, असा सवाल केला होता. वाहनांवर जात मिरवण्यावर बंदी यावी म्हणून केंद्रीय नियमांत दुरुस्ती करावी, असेही न्यायालयाने सुचवले. सवाल रास्त होता. पण सरकारने त्या निकालाच्या आडून जातीच्या नावाने होणाऱ्या सभा-मेळाव्यांवरही बंदी घातली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गुन्ह्यांत जात नोंदवण्याची मुभा ठेवली, एवढेच काय ते नशीब!

उत्तर प्रदेशातली टूम महाराष्ट्रात यायला वेळ लागत नाही. म्हणून एमएच २८ क्रमांकाच्या गाड्या चालवणाऱ्या आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील बांधवांनी या प्रश्नाचा आधीच विचार केलेला बरा. आपल्या ऑटोवर, अ‍ॅपेवर, छोट्या हत्तीवर, मोटारसायकलच्या टाकीवर काय चिकटवलेले आहे? ते कोणी चिकटवले? आणि ते काढायचे असेल तर कोणाच्या सांगण्यावरून काढायचे?

हा प्रकार पहिल्यांदा घडतो आहे असे नाही. २०२० च्या डिसेंबरातही उत्तर प्रदेशच्या परिवहन खात्याने असाच आदेश काढला होता आणि त्याला निमित्त झाले होते महाराष्ट्रातल्याच एका शिक्षकाने पंतप्रधान कार्यालयाला लिहिलेले पत्र. यादव, जाट, गुर्जर, ब्राह्मण, ठाकूर अशी नावे मिरवत फिरणाऱ्या गाड्यांबद्दल त्यांची तक्रार होती. लखनौत पहिली पावती फाटली ती मागच्या काचेवर ‘सक्सेनाजी’ लिहिलेल्या मोटारीची. कलम लावले १७७, म्हणजे ज्या गुन्ह्याला दुसरे कलम सापडत नाही त्याला लावायचे कलम. पुढे सगळे थंडावले, आणि पाच वर्षांनी तोच आदेश नव्याने काढावा लागला. पहिल्या वेळी स्टिकर किती निघाले असतील ते यावरूनच समजावे.

आपला प्रश्न निराळा आहे. उद्या असा आदेश येथे आला आणि चिखलीच्या किंवा मेहकरच्या नाक्यावर हवालदाराने पावतीपुस्तक काढले, तर त्याला ‘जयभीम’ आणि ‘पाटील’ यांत फरक दिसेल काय? पाटील, देशमुख, यादव म्हणवून घ्यायला त्या घरात जन्म घ्यावा लागतो. जयभीम म्हणायला कुठेच जन्म घ्यावा लागत नाही. जयभीम हे अभिवादन आहे, जातीचे नाव नव्हे. उलट जात नाकारणाऱ्या माणसाने दुसऱ्या माणसाला घातलेली ती साद आहे. पण व्यवस्थेच्या नजरेला निळा रंग दिसला की जात दिसते. भगव्या रंगात तिला धर्म दिसतो, संस्कृती दिसते, इतिहास दिसतो. हा फरक आदेशाच्या मसुद्यात नसतो, तो पावती फाडणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून महाराष्ट्रात असे काही आणायचे झाल्यास कशाला जात म्हणायचे हे शासनाने आधी लेखी सांगितले पाहिजे.

आता आपल्याही पदरात थोडे घालून घेऊ. नंबरप्लेटवर जयभीम लिहिणे ही बाबासाहेबांची भक्ती नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ५० व ५१ यांनी नंबरप्लेट कशी असावी, अक्षर केवढे असावे हे ठरवून दिले आहे. तेथे क्रमांकाखेरीज काहीही चालत नाही. ‘राजे’ चालत नाही, ‘सरपंच’ चालत नाही, ४१४१ वळवून केलेला ‘दादा’ चालत नाही, तसे जयभीमही चालत नाही. ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांचे नाव कायदा मोडण्यासाठी का वापरायचे? १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. मार्च २०२५ ची मुदत शासनाला वारंवार वाढवावी लागली हे खरे, पण या निमित्ताने जुन्या पाट्या निघत आहेत हे चांगलेच आहे. नव्या पाटीवर काहीही चिकटवू नका. चारचाकीच्या समोरच्या काचेवर आतून इंधनाच्या रंगाचे जे स्टिकर येते, डिझेलला नारिंगी आणि पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, तेही खरवडू नका. ते काढताना फाटावे असेच बनवलेले असते आणि एकदा फाटले की पुन्हा पैसे भरावे लागतात.

आणि ते पुढाऱ्यांचे स्टिकर? आपल्या माणसाच्या ऑटोची मागची बाजू म्हणजे जिल्ह्यातली सर्वात स्वस्त जाहिरातीची जागा झाली आहे. निवडणूक आली की कार्यकर्ता येतो, विचारतो न विचारतो तोच रेडियमचा पत्रा फासून जातो. या निवडणुकीत एक चिन्ह, पुढच्या निवडणुकीत युती फिरली की त्यावरच दुसरे. १९७७ साली याच बुलडाण्याने रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई यांना लोकसभेत पाठवले होते. पुढे २००४ पर्यंत मतदारसंघ राखीव होता, पण नंतर एकदाही रिपब्लिकन निवडून आला नाही. काँग्रेस आली, भाजप आली, शिवसेना आली. राखीव जागा आपली, उमेदवार त्यांचा! २००९ पासून तर जागाच खुली झाली. २०१९ मध्ये वंचितच्या उमेदवाराला पावणेदोन लाखांच्या जवळपास मते पडली, तेव्हा आपली ताकद आहे हे दिसले. ती एका जागी टिकत नाही हेही दिसले. मागच्या सगळ्या युत्यांचे थर आपल्या गाड्यांच्या पत्र्यावर एकावर एक बसले आहेत. गाडी मात्र कर्जाची, हप्ता आपला, आणि रंग खराब झाला तर तोही आपलाच. कोणता पुढारी पॉलिशचे पैसे द्यायला आला आहे?

तेव्हा ते काढायचे कसे हे नीट सांगितले पाहिजे, कारण घाईत काढणारे गाडीचे वाटोळे करतात. रेडियम नवे असते तोवर लवचीक असते. विदर्भाच्या दोन-चार उन्हाळ्यांत ते कडक होते, त्याला तडे जातात आणि नखाने ओढले की पापुद्रे निघून डिंक तेवढा पत्र्यावर राहतो. मग माणूस चिडून सुरी घेतो, तारेची घासणी घेतो, नाहीतर गॅरेजमधून थिनर आणतो. हे तिन्ही करू नये. कंपनीचा रंग सगळे थर धरून एखाद-दोन केसांच्या जाडीएवढा असतो आणि त्यावरची चकाकी त्याहून पातळ. सुरीचा ओरखडा गंजाला वाट करून देतो. थिनर डिंकाबरोबर रंगही विरघळवतो, आणि प्लास्टिकच्या भागावर पडला तर तो भाग कायमचा पांढुरका होतो.

आधी गाडी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर धूळच रंगावर घासली जाते. मग स्टिकर ऊब देऊन मऊ करा. सलूनमधला हेअर ड्रायर एक-दोन मिनिटे फिरवला तरी पुरते. तो नसेल तर सकाळच्या उन्हात गाडी उभी करा किंवा गरम पाण्यात बुडवलेले फडके दाबून धरा. हाताला सोसेल एवढीच ऊब हवी, चटका नको. एक कोपरा जुन्या एटीएम कार्डाने उचला आणि स्टिकर वर न ओढता त्याच्यावरच दुमडल्यासारखे मागे, पत्र्यालगत, सावकाश ओढा. वर ओढले की तुटते आणि डिंक मागे राहतो.

उरलेल्या डिंकावर खोबरेल किंवा गोडे तेल चोळून अर्धा तास ठेवा. तेल डिंकात शिरले की तो भिजल्या कणकेसारखा गोळा होऊन येतो, मग मऊ सुती फडक्याने पुसा. हट्टी डिंकाला रॉकेलचा बोळा चालतो. रेशनवरचे रॉकेल आता जवळजवळ दिसेनासेच झाले, तरी खेड्यात एखाद्या बाटलीत असते. ते सावलीत, मोकळ्या हवेत वापरा, विडी पेटवू नका आणि लगेच साबणाने धुऊन टाका. कोणतेही औषध आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. जुनी घेतलेली गाडी एखाद्या गॅरेजात पुन्हा रंगवलेली असेल तर तो रंग स्टिकरबरोबरच निघून येऊ शकतो. अशा ठिकाणी घाई मुळीच नको. काळ्या फिल्मचे तेवढे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१२ च्या निकालाने ती काचेवरून उतरवावी लागली, आणि काचेवर साबणपाणी मारून ब्लेड आडवे धरले तर चालते. पत्र्यावर ते चालत नाही.

एवढे करूनही एक गोष्ट राहते. भोवतालचा रंग उन्हाने उडालेला असतो, स्टिकरखालचा ताजा राहिलेला असतो. स्टिकर गेले तरी अक्षरांचा आकार वाचता येतो. रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने आजूबाजूची मळकट पापडी काढली की तो फिका होतो, पण कडांवर जोर दिला तर रंगच जातो.

हा आकार आपल्या पोरांना चांगला ठाऊक आहे. मोटारसायकल विकायला काढली की मध्यस्थ आधी ‘जयभीम’ काढून आण म्हणतो. काढून आणले तरी टाकीवरची ती ताजी अक्षरे गिऱ्हाईक वाचतो आणि किंमत पाडतो. जळगाव जामोदच्या बाजारात काय आणि खामगावच्या काय, मोटारसायकलीला जात नसते असे कोण म्हणेल? २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत मोबाईलच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला. त्याने कोणाची जात काढली नव्हती. ज्यांना ते नाव ऐकवत नाही, त्यांना ते गाडीवर वाचवेल काय? त्यामुळे भीतीपोटी जयभीम काढणारा पोरगा आणि मिजाशीपोटी आडनाव लावणारा पोरगा यांना एकाच आदेशाने मोजता येणार नाही.

जात पुसायचीच असेल तर ती जेथे चिकटली आहे तेथे हात घालावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देऊन तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितला. तेथे त्या रकान्यावरून झाडू कोणाच्या हाती द्यायचा आणि स्वयंपाक कोणाकडे, हे ठरत होते. रकान्याबरोबर कामाची ती वाटणीही घटनाबाह्य ठरवली गेली. याला पुसणे म्हणतात. उलट सभांवर बंदी घालून काय पुसले जाते? ज्याच्यावर अन्याय झाला तो ज्या नावाने एकत्र येतो तेवढेच पुसले जाते. अन्याय करणाऱ्याला मेळाव्याची गरजच नसते, त्याच्याकडे गाव असते. १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना बाबासाहेबांनी जातीचे मूळ धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यात दाखवले होते. त्या प्रामाण्याला हात लावणारा आदेश उत्तर प्रदेशातून निघालेला नाही.

महाराष्ट्र सरकारनेही डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह होता. पण पाटीवर समतानगर आणि कोतवालाच्या तोंडी जुनेच नाव, असे आपल्या तालुक्यांतून किती ठिकाणी चालले आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये काय लिहिले आहे, रेशन कार्डावर काय, पोस्टमनच्या यादीत काय? गाड्यांची पावती फाडण्याआधी ही कागदपत्रे बाहेर यायला हवीत. जिल्ह्यातील तेराही तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक-एक अर्ज पंचायत समितीकडे आणि एक तहसीलदाराकडे द्यावा. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात: २०२० च्या निर्णयानंतर तालुक्यातील किती वस्त्यांची नावे बदलली, कोणत्या दप्तरात बदलली आणि कोणत्या दप्तरात अजून जुनीच आहेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत यावे लागते.