यंत्राची साक्ष आणि आपली घाई

संगणक चालता चालता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, की आपल्याकडे त्यावर एकच उपाय सांगितला जातो : 'फॉरमॅट मारा.' महाविद्यालयांच्या भाषाविभागांत तर हा उपाय एखाद्या विधीसारखा पार पाडला जातो. दुरुस्तीला आलेला मुलगा यंत्राकडे एकवार पाहतो, 'व्हायरस असेल' असे म्हणतो आणि तासा-दोन तासांत सी ड्राइव्ह कोरा करून मोकळा होतो. या उपायावरचा माझा आक्षेप तांत्रिक आहेच, पण त्याहून अधिक तो पद्धतीविषयी आहे. पोथीतला एखादा शब्द खटकला म्हणून जो अभ्यासक तो आपल्या मनाने बदलणार नाही, तोच आपल्या टेबलावरच्या यंत्राच्या बाबतीत कोणतीही साक्ष न तपासता सगळे पुसून टाकायला संमती देतो, ही विसंगती मला खटकते.

वास्तविक पाहता रिस्टार्ट हा रोग नव्हे. ते लक्षण आहे, आणि तेही स्वतःचा मागमूस पुसत जाणारे. विंडोज एक्सपीपासून (२००१) अशी योजना आहे, की कार्यप्रणालीत गंभीर दोष उद्भवला तर यंत्राने आपणहून पुन्हा सुरू व्हावे. दोषाचा संकेतांक सांगणारा निळा पडदा (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे) त्यामुळे डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातो. म्हणून पहिले काम हे, की 'सिस्टीम प्रॉपर्टीज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढून टाकावी. यानंतर जर पडदा येऊन थांबला, तर त्यावरचा संकेतांक उतरवून घ्यावा. दोष ड्रायव्हरचा, स्मृतीचा की डिस्कचा, याचा पहिला धागा तिथे मिळतो. आणि पडदा न येताच यंत्र पूर्वीसारखेच दचकून पुन्हा सुरू झाले, तर ती साक्ष अधिकच मोलाची. कार्यप्रणालीला काही बोलण्याची उसंतच मिळाली नाही, असा तिचा अर्थ. अशा वेळी संशय वीज, उष्णता आणि यंत्राचे सुटे भाग यांच्याकडे वळवायला हवा. यांपैकी काहीही फॉरमॅटने सुधारत नाही.

'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून पाहणारे काही जाणकार असतात. त्यांना तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते आणि 'पॉवर' हा शब्द वाचून ते विजेचा दोष ठरवून टाकतात. हे वाचन उतावळेपणाचे आहे. ही नोंद घटनेच्या क्षणी लिहिलेली नसते; यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर, मागच्या खेपेस आपण रीतसर बंद झालो नव्हतो एवढेच ते नमूद करते. म्हणजे ही साक्ष उत्तरकालीन आहे. तिच्यातून घटना कळते, कारण कळत नाही. कोणती साक्ष समकालीन आणि कोणती मागाहून लिहिलेली, हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला शिकवावा लागू नये.

विजेचे प्रकरण जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे. कॅबिनेटमधल्या एसएमपीएसकडून मदरबोर्डला एक संकेत सतत जात असतो. 'सर्व दाब ठीक आहेत' एवढाच त्याचा आशय. बारा व्होल्टच्या वाहिनीवर ११.४ ते १२.६ व्होल्टपर्यंतची हालचाल मान्य असते. दाब त्याखाली घसरत गेला आणि हा संकेत क्षणभर जरी हरपला, तरी मदरबोर्ड प्रोसेसरला रोखतो आणि संकेत परतताच आरंभापासून सुरू करतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, यंत्राला लहर आली. जुन्या झालेल्या एसएमपीएसमध्ये हे भार वाढला की घडते, रिकाम्या यंत्रात घडत नाही. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात म्हणूनच ते यंत्र दिवसभर शहाण्यासारखे चालते.

माझ्या परिचयाच्या एका मराठी विभागात असेच एक यंत्र होते. दोन वर्षांत ते दोनदा फॉरमॅट झाले. रॅम काढून तिचे पाय खोडरबराने घासून झाले (हा उपाय हास्यास्पद वाटला तरी खोटा नाही, पायांवर चढलेल्या पुटाने खरोखरच संपर्क तुटतो). दोष कायम राहिला. शेवटी विभागातल्या शिपाईमामांनी सांगितले, की सर, हे फक्त प्रिंट देताना बंद पडतं, आणि तेही पहिल्या कागदाला. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर जोडलेला होता. त्या प्रिंटरातला शाई वितळवणारा भाग तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो. थकलेल्या बॅटरीच्या लहान यूपीएसला तो पेलत नव्हता. प्रिंटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली आणि प्रकरण मिटले. मामांना संगणकातले काही कळत नव्हते. त्यांनी 'केव्हा' या प्रश्नाकडे लक्ष ठेवले, इतकेच.

पण तोवर एक गोष्ट घडून गेली होती. विभागातल्या एका बाईंनी सात-आठ वर्षे खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या यंत्राच्या डेस्कटॉपवर होत्या, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच फॉरमॅटमध्ये त्या गेल्या. थोड्या ओव्यांचे छापील कागद उरले. गाणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत.

'फॉरमॅट'चा समज मुळात आला कोठून, याचेही उत्तर आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने एक्सपी आणि २००० या प्रणालींवरची असंख्य यंत्रे पछाडली. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसे आणि यंत्र पुन्हा सुरू होई. त्या काळी रिस्टार्ट म्हणजे व्हायरस हे समीकरण रुजले. गंमत अशी, की तेव्हासुद्धा नुसते फॉरमॅट व्यर्थच होते : सुरक्षेची दुरुस्ती न चढवता नवे कोरे एक्सपी इंटरनेटला जोडले, की थोड्याच वेळात ते पुन्हा बाधित होई. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली आणि त्यांतली कित्येक सुरू होण्या-कोसळण्याच्या फेऱ्यात अडकली. तिथेही उपाय होता तो 'सेफ मोड'मध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढण्याचा.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून त्या कामाची धुरा वाहणाऱ्या वि. स. सुकथनकरांनी हस्तलिखितांच्या आधारावाचून केवळ तर्काने पाठ सुधारण्याचा मोह कटाक्षाने आवरला. आधी सर्व प्रती जमवायच्या, त्यांची तुलना करायची, मगच निर्णय. ही तुलना मी ओढूनताणून आणतो आहे, असे कोणाला वाटेल. पण बिघाड शोधण्याची विद्या याच शिस्तीवर उभी आहे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, स्मृतितपासणीचा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवावा, पंख्यातली धूळ काढावी, मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगले आहेत का ते पाहावे. (२००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांचे असंख्य बोर्ड बाजारात आले होते.) कॅबिनेटचे रिसेटचे बटण अडकून राहते, हेही विसरू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर आपण जिथे होतो तिथेच असतो.

फॉरमॅट अटळ ठरण्याचे प्रसंगही येतात, नाही असे नाही. तेव्हा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि 'युजर्स' हा फोल्डर सबंध उतरवून घ्यावा. मराठी विभागांनी आणखी एक फोल्डर घ्यायचा असतो, तो 'फॉन्ट्स'चा. श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोडपूर्व टंकांत टंकलेली प्रकरणे तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडली, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. त्या बाईंच्या पेनड्राइव्हवर दोन फाइली सापडल्या होत्या, त्या अशाच दिसत होत्या. विभागाने त्या 'करप्ट' म्हणून पुसून टाकण्याचे ठरवले होते. शेजारच्या विभागातल्या एका जुन्या यंत्रावर तो टंक अजून होता, म्हणून चाळीसेक ओव्या वाचता आल्या.